बुलबुलतरंगावरच्या लाटा

"थांब रे, मोठी जाव दे," असं म्हणून तो भर गाण्यात हात वर उचलायचा. मांडीवरच्या बुलबुलतरंगाच्या तारा नुसत्या घुमत राहायच्या, समोरची माणसं नकळत पुढे झुकायची, आणि मग तो अशा जागी पुन्हा शिरायचा की अंगावर काटा यावा. माझ्याही यायचा. त्याचाच मला राग होता.

अंधेरी-कुर्ला रोडवरच्या एका कारखान्यात आम्ही शेजारशेजारच्या लेथवर होतो. तो मनोरीचा कोळी. होडी भाऊ सांभाळायचा. हा तरीने खाडी ओलांडून मार्वे गाठायचा आणि तिथून रोज कामाला यायचा. डोक्याला खोबरेल इतकं की तारा छेडायची पट्टी, जुन्या कंगव्यातून कापलेली, तो आधी केसांवरून फिरवून घ्यायचा. "तार खरवडत नाय मग," म्हणायचा.

मी कारखान्याच्या ऑर्केस्ट्रातला गिटारवाला. मामाने जहाजावरून आणलेली इलेक्ट्रिक गिटार अख्ख्या बोरिवलीत माझ्या एकट्याकडे होती, निदान मी तसं सांगत असे. साठीच्या दशकातली ही गोष्ट. त्याच मामाने एक रेकॉर्डही आणली होती. तिच्यात गाणारा कुणी नव्हता, नुसती गिटार उसळत आणि आदळत जायची. परदेशातली पोरं फळीवर उभी राहून लाटांवरून घसरत किनाऱ्याला येतात, त्यांचं हे सर्फ म्युझिक. सहा महिने खपून मी त्यातली एक धून बसवली आणि मोठ्या ऐटीत त्याला ऐकवली.

"फळीवर उभे राहतात? का, होडी नाय त्यांच्याकडे?"

ते मजेसाठी असतं, मी समजावलं.

"आणि मासळी न घेता परत येतात?" त्याला त्या पोरांची खरोखर काळजी वाटली असावी.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने ती धून वाजवून दाखवली. बुलबुलतरंग तुम्ही वरातीत पाहिला असेल. लांबट पेटीवर ताणलेल्या तारा, वर टाइपरायटरसारखी बटणं, आपण ज्याला सरसकट बेंजो म्हणतो ते वाद्य. त्याच्यावर सूर काही वाकत नाही. पण हा बटणांपलीकडच्या तारा तळहाताने हळूच दाबायचा आणि सूर थरथरायला लागायचा. माझे सहा महिने एका डब्याच्या सुट्टीत पाण्यात गेले. आणि वर वेल्डिंगवाल्यांनी त्याला टाळ्या वाजवल्या.

"चार मात्रांचं आहे ते," मी म्हणालो. "तू मध्ये थांबतोस ना, ते चूक आहे."

"चूक असंल," तो शांतपणे म्हणाला. "पण होडी पाण्यात घालताना मोठ्या लाटा जाव द्यायच्या असतात. मोजून घातलीस तर उलटते."

मी जन्मात गुडघ्याच्या वर समुद्रात गेलो नव्हतो.

कारखान्याच्या सत्यनारायणाला आमचा कार्यक्रम झाला. मी गिटारवर ती धून वाजवली, माझ्यानंतर त्याने बुलबुलतरंगावर वाजवली. ऐकायला जुहूच्या एका हॉटेलचा बँडमास्तर आला होता. आयुष्यभर जहाजांवर वाजवलेला म्हातारा. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे म्युझिक मी बंदराबंदरात ऐकलंय. कुणी मेंडोलिनवर वाजवतो, कुणी अकॉर्डियनवर. पण या पेटीवर पहिल्यांदाच. तुझ्या त्या दोस्ताला रविवारी घेऊन ये. दर रविवारी दुपारी वाजवायचं."

घेऊन ये. म्हणजे मी हमाल.

मी म्हणालो, "तो नाही येणार. कोळ्यांमध्ये नारळी पौर्णिमा होईपर्यंत गावाबाहेर वाजवत नाहीत."

असली काही चाल कोळ्यांत नाही. ती मी उभ्या उभ्या तयार केली. म्हाताऱ्याने मात्र देवाधर्माचा विषय म्हणून आदराने मान डोलावली. "मग पौर्णिमेपर्यंत तू ये," म्हणाला.

मी गेलो. त्याला निरोप दिलाच नाही. रविवारी झुळझुळीत शर्ट घालून वाजवायचो आणि सोमवारी त्याच्या शेजारी लेथवर उभा राहायचो. तो डब्यातला तळलेला बोंबील पुढे करायचा. मी खायचो. लाज वाटायची, पण ती बोंबिलाला आडवी आली नाही. पौर्णिमा झाली तेव्हा म्हाताऱ्याला सांगितलं, आता होड्या सुटल्या, तो कामात आहे. त्यानंतर म्हाताऱ्याने विचारणंच सोडलं. मी दोन वर्षं वाजवलं. एकही मात्रा चुकलो नाही, आणि पुढे झुकून ऐकलं नाही कुणी.

सत्तरीच्या दशकात कारखाना बंद पडला, आम्ही पांगलो. तो वारल्याचं मला वर्षभराने कळलं. मनोरीला गेलो. सगळं सांगून टाकायचं असं तरीत ठरवलं होतं. त्याच्या बायकोने चहा ठेवला.

"तुम्ही जुहूच्या हॉटेलात वाजवायचे ना?" ती म्हणाली. "मी तिथे पापलेटं द्यायला जायचे. मी कुणाची बायको ते बोलता बोलता त्या म्हाताऱ्याला कळलं, तेव्हा त्याने मलाच सांगितलं, पौर्णिमा झाली, आता तरी नवऱ्याला पाठव. हे गेले की रविवारी, पेटी चादरीत बांधून."

मी कप खाली ठेवला.

"लगेच परत आले. म्हणाले, माझ्या जागेवर आपला माणूस बसलाय, त्याला कसा उठवू? किचनच्या दारातनं ऐकून आलो, लय साफ वाजवतो." मग तिने विचारलं, "पण ती पौर्णिमेची काय भानगड होती हो? मी विचारलं तर बोलले, म्हाताऱ्याची काहीतरी गडबड झाली असंल."

म्हणजे माझं खोटं त्याला कळलं होतं. त्यानंतरही तो मला रोज बोंबील देत होता, आणि ही गोष्ट त्याने स्वतःच्या बायकोलासुद्धा सांगितली नव्हती.

"म्हाताऱ्याचीच गडबड," मी म्हणालो आणि चहा संपवला. परतीच्या तरीत मला रडू यायला हवं होतं. खरं सांगतो, मला त्याचा हेवाच वाटला.