पदराआडचा हात

नवऱ्याला आखातात नोकरी लागली आणि वाशीच्या नव्याकोऱ्या घरात मी एकटी उरले. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती ती. आमच्या इमारतीतली निम्मी घरं कुलपातच असत. कुणी भांडायला आलं असतं तरी मी चहा टाकला असता, अशी गत होती.

त्यात उजव्या मनगटावर गाठ आली. आधी वाटाण्याएवढी, मग सुपारीएवढी. कणीक मळताना कळ थेट कोपरापर्यंत जाई. माझी आई गाठीनेच गेली होती. तिची छातीत होती आणि तिने ती शेवटपर्यंत पदराआड लपवली. तेवढा शहाणपणा मी तिच्याकडून बरोब्बर उचलला. नवऱ्याला पत्रात कळवायचं नाही, डॉक्टरकडे जायचं नाही, हात पदराखाली ठेवायचा. आपण इथे मरू आणि कुणाला पत्ताही लागणार नाही, ही भीती मात्र रोज वाटे.

भरलेली कळशी हातातून निसटली, तेव्हा गेले एकदाची दवाखान्यात. नवरा निघताना भरलेल्या हिरव्या बांगड्या गाठीवरून निघेनात, म्हणून नर्सने त्या वाढवल्या. डाव्या हातातल्या साबण लावून उतरवल्या. मंगळसूत्रही काढून रुमालात बांधून दिलं. हात बधिर करून डॉक्टरांनी गाठ काढली आणि म्हणाले, "साधी गाठ आहे. आत नुसता चिकट द्रव होता, पाकासारखा. घाबरायचं काही कारण नाही."

बाहेर बाकावर सगळ्यांची माणसं बसली होती, माझं कुणी नव्हतं. एवढी आनंदाची बातमी मी शेवटी रिक्षावाल्याला सांगितली. त्याने मीटर टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाळे गावाहून येणारी मासळीवाली दारात उभी राहिली. एका हाताने मला ना बांगड्या भरता आल्या होत्या, ना मंगळसूत्राचा फासा लावता आला होता. बँडेजचा हात सवयीने पदराखालीच होता. तिने माझा मोकळा गळा पाहिला, भुंडा डावा हात पाहिला आणि पाटी खाली ठेवून मला मिठीच मारली. "कवा झाला गो बाय?" म्हणत ती हमसून रडायला लागली.

ती काय समजली, ते माझ्या लगेच लक्षात आलं. पण नवरा गेल्यापासून मला कुणी जवळ घेतलं नव्हतं. मीही तिच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडून घेतलं. मग बँडेज दाखवून तिला सगळं सांगितलं.

तिने डोळे पुसले. "नवरा जित्ता हाय, गाठ पन गेली. मंग रडतंस कशाला?"

"एकटी आहे," मी म्हणाले.

लुगड्याला हात पुसून तिने माझ्याकडून मंगळसूत्र मागून घेतलं आणि मानेमागे फासा अडकवून दिला. दिवसभर माझ्या मानेला मासळीचा वास येत होता. मी तो धुतला नाही.