अक्काबाईची अकरा मशिनं

आमच्या घरी कुणी पहिल्यांदा आलं की विचारतं, "रिपेअरिंगचं दुकान आहे का?" मी नाही म्हणते. "मग भंगाराचं?" तेही नाही. दारासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये कपडे धुवायची अकरा जुनी मशिनं ओळीनं उभी आहेत, सगळी वरून झाकण उघडायची, आणि ती माझ्या सासूबाईंची आहेत. ती विकायची नाहीत, दुरुस्त करून कुणाला द्यायची नाहीत आणि वापरायचीही नाहीत. हे शेवटचं ऐकलं की बायका माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघतात, कारण आमचं धुणं आजही मोरीतल्या दगडावरच होतं.

सासूबाईंचं नाव अक्काबाई. माहेर चांदवडकडचं. लग्न होऊन नाशिक रोडला आल्या आणि जेल रोडच्या कॉलन्यांमध्ये धुणं-भांडी करण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. नवरा लवकर वारला, पोरगा लहान, तेव्हा थंडीत बोटांना भेगा पडल्या तरी सोड्याच्या पाण्यात हात घालावाच लागायचा. भांड्यांपेक्षा धुण्याचे पैसे जास्त मिळायचे, म्हणून घर धुण्यावर चालायचं.

मग एकेका घरात मशीन यायला लागलं. नवं मशीन आलं की त्याला हळद-कुंकू लावायचं, पुढ्यात नारळ फोडायचा, मग पेढे वाटायचे. एक पेढा अक्कांच्या हातावरही ठेवायचा आणि त्याच दमात सांगायचं, "उद्यापासून फक्त भांडी हं." मी एकदा विचारलं, "अक्का, तो पेढा तुम्ही खायचात?"

"खायचे की. पेढ्याचा काय दोष? पण गिळाया लय येळ लागायचा," त्या म्हणाल्या.

असा एक एक पेढा खात अक्कांची सगळी धुणी गेली. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या सगळ्या घरांचा भयंकर राग आला होता, अजूनही येतो. अक्का मात्र रागावून घरी बसल्या नाहीत. त्या भांडी घासत राहिल्या आणि वाट बघत राहिल्या.

काही वर्षांनी ती मशिनं जुनी झाली. कॉलन्यांमध्ये दिवाळीला बाईला बोनसऐवजी घरातली जुनी वस्तू देऊन मोकळं व्हायची पद्धत आहे. त्यातल्याच एका घरच्या मंगलाबाईंनी त्यांचं पोपटी रंगाचं जुनं मशीन अक्कांना दिलं. गल्लीला वाटलं, ही उद्या ते भंगारवाल्याला घालणार. अक्कांनी ते घासूनपुसून लख्ख केलं आणि दारात उभं केलं. लोक हसले तेव्हा म्हणाल्या, "ज्यांनी मला घरी बसवलं, त्यास्नी मी घरी आणून बसवनार. एकेकाला."

तेव्हापासून आजवर त्यांनी जुन्या घरांवर नजर ठेवली आहे. कुणाकडे नवं मशीन येणार म्हटलं की ह्या आदल्या दिवशीच दारात हजर. एक मशीन तर त्यांनी सिन्नर फाट्यावरून आणलं, तिथून इथपर्यंत टेम्पोत त्याला मिठी मारून उभ्या होत्या. कुठलं कुठल्या घरचं हे त्यांना तोंडपाठ आहे. झाकण उघडून सांगतात, "हे कुलथ्यांचं. चार पोरं, चौघांच्या खिशाला शाई. हे खुर्शीदा भाभींचं, ईद आली की घरातला पडदा न् पडदा काढायच्या. ह्याच्यात बघ, ताकाच्या रवीसारखा खांब हाय मधी, धोतर गुंडाळून बसायचं त्याला." मशिनांच्या तळाशी सापडलेली बटणं आणि केसांच्या पिना त्यांनी त्या त्या मशीनच्या नावानं पुड्या बांधून जपून ठेवल्या आहेत.

महिन्यातून एकदा त्या प्रत्येकात बादलीभर पाणी ओततात, बटण पिळतात आणि कमरेवर हात ठेवून मुकादमासारख्या उभ्या राहतात. मशीन रिकामंच घुमतं. लाइट बिल मी भरते, त्यामुळे एकदा चिडून म्हटलं, "फिरवताच आहात तर चार कपडे टाका की त्यात!"

"नाय. त्यांनी माझं काम घेतलं, मी त्यांचं घेतलं. बसू दे तशीच," अक्का म्हणाल्या. ह्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नसतो हे मला लग्नानंतर महिन्याभरात कळलंच होतं.

यंदाच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही शेडमध्ये झेंडूचे हार करत होतो. दसऱ्याला लोक गाडीला, अवजारांना हार घालतात, आमच्याकडे अकराही मशिनांना घालतात. तेवढ्यात गल्लीत एक मोटार शिरली, तिच्यामागे टेम्पो. मोटारीतून उतरला वाल्मीक, मंगलाबाईंचा मुलगा. मंगलाबाई गेल्या वर्षी वारल्या. वाल्मीक त्र्यंबक रोडला मोठं हॉटेल उघडतोय आणि त्याच्या वायरिंगचं सगळं काम माझ्या नवऱ्याला, ज्ञानेशला, मिळालं होतं. एवढं मोठं काम त्याला आयुष्यात मिळालं नव्हतं. दसऱ्यानंतर सुरू व्हायचं होतं.

वाल्मीकनं मिठाईचा पुडा ठेवला. "अक्काबाई, आईचं मशीन न्यायला आलोय. हॉटेलात शिरल्या शिरल्या दिसेल असं ठेवणार, वर आईचा फोटो आणि खाली पाटी, 'आमच्या घरातलं पहिलं मशीन'. जुन्या वस्तूंचं लोकांना फार कौतुक आहे हल्ली."

"पानी पी आधी," अक्का म्हणाल्या. तो पाणी प्यायला. मग म्हणाल्या, "मशीन नाय मिळायचं."

तो हसला. "अहो, आईनं तुम्हाला नुसतं वापरायला दिलं होतं."

"वापराया नाय. बोनसच्या जागी दिलं व्हतं. त्या दिवाळीला ज्ञानेशला कापडं नाय झाली, मशीन झालं."

ज्ञानेशचा चेहरा पडला. "अक्का, एक गेलं तर दहा आहेतच ना," तो हळूच म्हणाला. खरं सांगायचं तर ते काम गेलं तर पुढचे कितीतरी महिने ओढाताण होणार हे मला दिसत होतं, आणि अक्कांनी हो म्हणावं असं त्या क्षणी मलाही वाटत होतं.

"ज्ञानेश, तूच समजाव बाबा," वाल्मीक म्हणाला. "माझं काम करायचंय ना तुला?"

ते ऐकलं आणि माझं वाटणं तिथंच संपलं. हातातला हार मी खाली ठेवला.

आपण चुकीचं बोललो हे त्यालाही कळलं असावं. आवाज मऊ करून म्हणाला, "अक्काबाई, आई गेली हो माझी. तिची एवढी एक आठवण ठेवू द्या."

अक्कांचे डोळे भरले. त्यांनी पदरानं पुसले. "तुझी आई वाईट नव्हती. आल्याचा चहा द्यायची मला, रोज. तो चहा मी इसरायची नाय. खिडकीत माझा कप वेगळा ठेवायची, त्योबी इसरायची नाय." मग त्या पोपटी मशीनवर हात ठेवून म्हणाल्या, "पर ह्ये पहिलं मशीन नाय, वाल्मीक. ह्ये यायच्या आधी तुझी दुपटी कोन धुवायचं? तुझ्या बापाच्या खाकी पँटी? तुझ्या आईच्या बाळंतपनाची लुगडी? तुमच्या घरातलं पहिलं मशीन मी व्हते. मला नेतो का? चल, येते मी. ठेव तिथं मांडून आन् लाव वर माझा फोटो."

टेम्पोबरोबर आलेल्या दोन हमालांपैकी एकानं मशीनला हात लावला होता, तो तसाच राहिला. वाल्मीकचा चेहरा लाल झाला. "ठीक आहे," तो म्हणाला. "ज्ञानेश, वायरिंगचं मी दुसऱ्या कुणाला तरी सांगतो. आणि उचला रे ते."

मी ज्ञानेशकडे बघितलं. तो पुढे झाला आणि हमालाला म्हणाला, "हात काढ." तो मशीनसमोरून हलला नाही. हमालानं हात काढला.

वाल्मीक तावातावानं गाडीत बसला. आमची गल्ली चिंचोळी, मागं टेम्पो, पुढं नळ. दोन्ही गाड्या रिव्हर्स घेता घेता सगळी गल्ली गोळा झाली. अक्का माझ्याकडे वळल्या. मी ब्लाऊज शिवते, त्यामुळे माझा खडू त्यांना ठाऊक होता.

"सृष्टी, खडू आन. ह्याच्यावर लिही."

त्या सांगत गेल्या आणि मी मशीनच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहीत गेले. हे मशीन मंगलाबाईंच्या घरचं. हे यायच्या आधी त्या घरचे कपडे अक्काबाईनं धुतले.

"वाच," अक्का म्हणाल्या. मी वाचलं.

"मोठ्यानं वाच. त्याची गाडी अजून गल्लीतच हाय."

मी ओरडून वाचलं.