आक्कांबरोबर पाहिलेले सामने

आक्का गेल्याचं मला घरच्यांच्या आधी त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीनं, कमळनं कळवलं. दुपारची वेळ होती, धाराशिवला मुलाच्या घरी गॅलरीत मी मेथी निवडत बसले होते. "वैनी, बाई गेल्या..." एवढंच ती बोलली. नंतर पुतण्याकडून समजलं, सकाळचा चहा झाला, पेपरचं खेळाचं पान भिंग धरून वाचलं, काल कोण हरलं ते त्याच्या बायकोला सांगितलं आणि ‘जरा पडते’ म्हणून ज्या आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. नव्वदीला टेकलेल्या माणसाला याहून चांगलं मरण कुठलं, असं जो तो म्हणाला. मलाही ते पटतं. पटतं, पण रविवार आला की अजून करमत नाही.

शोकसभेत पुष्कळजण बोलले. गावातल्या पहिल्या शिक्षिका, बौद्धवाड्यातून शिकून वर आलेली पहिली लेक, कडक पण मायाळू... सगळं खरंच होतं. पण माझ्या डोळ्यांपुढं आक्का उभ्या राहतात त्या काखेत छत्री धरून, पदर खोचून, खेळाच्या मैदानाकडं झपाझप चाललेल्या. मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको. बहात्तरच्या दुष्काळात लग्न होऊन या घरी आले आणि पुढच्या वर्षी, जेव्हा पाणी पडलं आणि गावोगावचे बंद पडलेले खेळ परत सुरू झाले, तेव्हा वर्षभर आम्ही दोघी मिळेल त्या एस.टी.नं, बैलगाडीनं, नाहीतर पायी, खेळ बघत हिंडलो. आमच्या गावात तेव्हा कुठल्याच बाईनं असं काही केलेलं नव्हतं.

आक्का विधवा झाल्या तेव्हा विशीच्याही नव्हत्या. माहेरी परत आल्यावर माझ्या सासऱ्यांनी त्यांना काही दिवस रडू दिलं आणि एके दिवशी म्हणाले, "आता पुस्तक घे." नव्यानं धम्म स्वीकारलेला तो काळ, शिकायचं हे त्यांच्या मनानं घेतलेलं. आक्का सातवीची फायनल पास झाल्या, मास्तरकीचं ट्रेनिंग झालं आणि ज्या शाळेत लहानपणी त्या दाराजवळ बसून शिकल्या त्याच शाळेवर शिक्षिका म्हणून आल्या. दुष्काळाच्या वर्षी त्या शाळेच्या मैदानात सरकारी मदतीची सुकडी शिजवायची शेड होती. निम्मी पोरं आयांबरोबर खडी फोडायला जायची, उरलेली सुकडीपुरती यायची. शाळा सुटली तरी पळायची नाहीत, ओरडायची नाहीत, भिंतीला टेकून बसायची. आक्का घरी येऊन हातपाय धुवायच्या आणि म्हणायच्या, "भुकेचं समजतंय गं शालन. पर पोरं खेळंनात, हे न्हाय बघवत." म्हणून पाऊस झाला, ज्वारीची कणसं भरली, तेव्हा सगळे पिकाचं बोलत होते आणि आक्का मात्र विचारत होत्या, औंदा वाशीला कबड्डी हाय का?

कबड्डी होती. दसऱ्यानंतर वाशीच्या बाजारपटांगणात गावोगावचे संघ उतरले होते. माझे यजमान त्या दिवसांत दूध सोसायटी उभी करण्याच्या धावपळीत, तेव्हा आक्कांनी मलाच बरोबर घेतलं. सासूबाई म्हणाल्या, "नव्या सुनंला घिऊन गड्यांचा खेळ बघाय निघालीस व्हय?" आक्का म्हणाल्या, "म्हातारी झाल्यावर न्हेऊ का तिला?" तिथं पोचलो तर बायका समोरच्या माडीवर आणि देवळाच्या ओट्यावर उभ्या. आक्का सरळ गर्दीतून वाट काढत गेल्या आणि फक्कीनं आखलेल्या रेषेला लागून मातीत मांडी घालून बसल्या. मी त्यांच्या मागं, पदर कपाळापर्यंत ओढून. एक गृहस्थ वाकून म्हणाले, "बाई, बायकांची जागा तिकडं हाय." आक्का मान वर न करता म्हणाल्या, "तिकडनं पाय दिसत न्हाईत." ते गृहस्थ थोडा वेळ उभे राहिले, मग त्यांनाही खेळ बघायचा होता म्हणून आमच्याच शेजारी बसले. मला तोवर कबड्डी म्हणजे नुसती झोंबाझोंबी वाटायची. आक्कांनी त्या दिवशी मला ती शिकवली... चढाईवाल्याचं तोंड कुठंही असो, त्याची टाच बघ, परत फिरायचं त्याच्या मनात आलं की टाच आधी वळते. मी टाचा बघत गेले आणि मला एकदम कळायला लागलं की आता हा परत फिरणार, आता याला धरणार. दुसरा डाव निम्मा झाला तेव्हा माझा पदर खांद्यावर आला होता आणि मागं वळून पाहिलं तर माडीवरच्या चार-दोन बायका खाली उतरून आमच्यामागं बसल्या होत्या.

माझं माहेर तामलवाडीचं. त्या बाजूला एका जत्रेत कुस्त्या होत्या, त्यासाठी आक्का मला माहेरपणाला घेऊन गेल्या असं म्हटलं तरी चालेल. कुस्तीच्या फडाकडं बायका फिरकत नसत. वडिलांनी संकोचून तसं सांगितलं, तर आक्का म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या गावाला बोल लागंल आसं न्हाय करणार. लांबनं बघते." वडिलांनी मग स्वतःच बैलगाडी फडाच्या कडेला नेऊन उभी केली आणि आम्ही दोघी गाडीच्या साटीवर उभ्या राहिलो. शेवटच्या कुस्तीत आपल्याकडचा एक काटक गडी आणि समोर तालमीत पोसलेला, त्याच्या दीडपट अंगाचा पैलवान. सलामी झाल्या झाल्या आपला गडी खाली गेला आणि खालीच राहिला. वरचा पैलवान त्याला उलटवायला बघतोय, घिस्से मारतोय, मानेवर गुडघा देतोय, आणि हा मातीला पोट चिकटवून, बोटं रुतवून पडलेला. लोक कंटाळले, कुणी शिट्ट्या घातल्या. आक्कांनी गाडीचा खुंटा घट्ट धरला होता. ऊन कलेपर्यंत ती कुस्ती चालली आणि अखेर पंचांनी बरोबरीत सोडवली. तो गडी उठला तेव्हा त्याला नीट उभंही राहता येईना. गाडी गावाकडं वळल्यावर आक्का म्हणाल्या, "मागलं साल आपलं बी आसंच गेलं की गं. नुसतं चीत व्हायचं न्हाय, यवढंच."

पण त्या वर्षाला खरं वळण दिलं ते तुळजापूरच्या खो-खोनं. शाळांच्या स्पर्धा होत्या. शाळेच्या कामानं आक्का तिकडं निघाल्या होत्या, मला तुळजापूर दाखवते असं घरी सांगून त्यांनी सोबत घेतलं. मुलींचा सामना लागला. गुडघ्यापर्यंतचे झगे, घट्ट वेण्या, अनवाणी पाय. एक मुलगी पळणारीच्या मागं लागली आणि खांबाजवळ आल्यावर तिनं जे अंग झोकून दिलं... छातीवर घसरत गेली, हात लांब करून तिनं पळणारीचा पाय टिपला आणि मातीनं माखलेली उठून हसली. आक्कांच्या हातातली छत्री खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही, मी उचलली. सामना संपला तरी त्या तिथंच बसून. मी पाहिलं तर डोळे भरलेले. आक्कांना मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. "काय झालं, आक्का?" तर म्हणाल्या, "आमाला पळू दिलं आस्तं तर, म्हंते मी." परतीच्या एस.टी.त त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. येरमाळा मागं पडल्यावर एकदम माझ्याकडं वळून म्हणाल्या, "दोन खांब लागत्यात फक्त. बाकी काय लागतंय?"

खांब मिळाले. दुष्काळात मैदानात उभी केलेली सुकडीची शेड पाडायची होती, तिचेच दोन बरे लाकडी खांब आमच्या यजमानांनी तासून गुळगुळीत करून दिले आणि आक्कांनी ते पुरले. पोरी जमवणं मात्र अवघड होतं. बौद्धवाड्यातली रंजना पहिल्या दिवसापासून आली, हरणासारखी पळायची. तिच्या तोडीची दुसरी एकच, पाटीलवाड्याजवळच्या मोठ्या घरातली कमळ. पाच-सहा दिवस खेळ नीट चालला. मग एका संध्याकाळी कमळची आई शाळेत आली. सगळे त्यांना काकू म्हणायचे. मी तेव्हा आक्कांना डबा घेऊन गेले होते, म्हणून समोरच होते.

काकू चांगल्या स्वभावाच्या होत्या, भांडायला आल्या नव्हत्या. अडखळत म्हणाल्या, "बाई, पोरगी खेळूं द्या, माजं काय न्हाय. पर त्यी रंजी हिच्या पाठीला हात लावती. घरात म्हाताऱ्या माणसांला चालत न्हाय. रोज सांजचं डोक्यावरनं आंगुळ घालाय लावत्यात पोरीला. पानी कुठनं आणू?"

रंजना खांबाला टेकून ऐकत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या बाईसमोर काकू हे बोलत होत्या त्या आक्काही रंजनाच्याच वाड्यातल्या, हे काकूंच्या ध्यानात नव्हतं की असूनही असं बोलता येतं असं त्यांना वाटत होतं, कोण जाणे. आक्कांचा आवाज जरासुद्धा चढला नाही. त्या म्हणाल्या, "खो पाठीला हात लावल्याबिगर देता येत न्हाय, काकू. न्हाय लावला तर फाऊल हुतोय. खेळाचा नियमच हाय त्यो, म्या न्हाय केलेला."

"मंग दुसऱ्या कुठल्या पोरीच्या म्होरं बसवा हिला."

"रंजनाचा खो घ्यायला कमळएवढी चपळ पोरगी माझ्याकडं दुसरी न्हाय. तुमी न्या तिला, मी अडवणार न्हाय. पर रंजनाला उठवून कमळला ठेवणार न्हाय मी."

काकू कमळचा हात धरून निघून गेल्या. आक्कांनी त्या दिवशी डब्याला हात लावला नाही. मी घरी येताना काकूंना बरंवाईट बोलायला लागले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. ती इचारायला तरी आली. बाकीच्यांनी इचारलं बी न्हाय, पोरीच न्हाय धाडल्या." दोन दिवस कमळची जागा रिकामी ठेवून सराव झाला. रंजना धावत यायची, त्या रिकाम्या जागेपाशी थांबायची आणि पुढच्या मुलीला खो द्यायची. तिसऱ्या दिवशी कमळ आपली आपण येऊन जागेवर बसली. आजीनं आंघोळ घातली तर घालू दे, मला गार पाण्यानं काय होत नाही, असं ती आक्कांना म्हणाली. आक्कांनी मान डोलावली आणि सराव सुरू केला.

उन्हाळ्याच्या तोंडाला ईट या गावी सामने होते. आमच्या संघाला झगे नव्हते. दूध सोसायटीच्या पडद्यांसाठी आलेल्या कापडातला उरलेला निळा तागा यजमानांनी आणला आणि मी मशीनवर बसून सगळ्या पोरींना एकसारखे झगे शिवले. पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसऱ्यात समोर मोठ्या गावातला तयार संघ होता. शेवटच्या डावात आमचा पाठलाग, त्यांची एकच मुलगी मैदानात उरलेली आणि ती काही केल्या सापडेना. तेवढ्यात मला पलीकडच्या बाजूला काकू दिसल्या, गावच्या बैलगाडीतून चार बायकांबरोबर आलेल्या, हातात पितळी तांब्या. रंजना त्या मुलीच्या मागं आली आणि कमळच्या पाठीवर थाप मारून तिनं खो दिला. ती थाप इतक्या जोरात बसली की कडेला बसलेल्यांनाही ऐकू आली. कमळ सुटली. खांबाजवळ तिनं तुळजापूरच्या त्या पोरीसारखंच अंग झोकून दिलं आणि बोटांनी मुलीच्या घोट्याला स्पर्श केला. पोरी नाचायला लागल्या. पण वेळ संपल्याची शिट्टी त्याच्या आधीच झाली होती. आम्ही हरलो.

पोरी रडायला लागल्या. आक्का पंचांकडं गेल्या नाहीत. आमच्याकडच्या दोघातिघांनी त्यांना भरीला घालून पाहिलं, "बाई, तक्रार करा." त्या म्हणाल्या, "शिट्टी म्या बी ऐकलीय." मग काकू आल्या. त्यांनी रंजनाकडं पाहिलं, कमळकडं पाहिलं, दोघी मातीनं सारख्याच भरलेल्या. काकूंनी तांब्या तिरका केला. एकेक पोरगी ओंजळ पुढं करत गेली आणि त्या वरून पाणी ओतत गेल्या. रंजनाला ओंजळीत पाजलं आणि तिच्यामागं उभ्या असलेल्या स्वतःच्या लेकीलाही ओंजळीतच. घरी येताना गाडीत आक्का मधेच हसायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "आज कमळला बी तांब्या तोंडाला न्हाय लावू दिला काकूनं. चला, सुरुवात झाली." मला त्यांच्यासारखं हसता आलं नाही. पण तेव्हापासून पोरीला सांजची आंघोळ घालणं बंद झालं, हेही खरं.

पुढं आमचा संघ कितीतरी वर्षं खेळला. जिंकलाही. रंजना पोलिसात गेली आणि तिथंही खेळली. कमळ दुसऱ्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली, निवृत्त झाल्यावरही तिथल्या पोरींना शिकवायला जाते, तिच्या हाताखालच्या पोरी आज माझ्या नातीच्या वयाच्या आहेत. आक्का निवृत्त झाल्या, गुडघे गेले, तरी कुठं सामना असला की निरोप यायचा, "शालन, येतीस का?" मला वैधव्य आलं त्या वर्षीसुद्धा महिनाभरानं त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि मला व्हॉलीबॉलला घेऊन गेल्या. तिथं सामनाभर माझा हात हातात धरून ठेवला...

गेल्या आठवड्यात पुतण्यानं त्यांची खोली आवरायला बोलावलं. दारामागं खुंटीला त्यांची कापडी पिशवी तशीच होती. मैदानावर जायची पिशवी. आत लिमलेटच्या गोळ्यांची पुडी निघाली. मध्यंतर झालं की त्या उठायच्या आणि जो संघ मागं पडलेला असेल त्याच्याकडं जाऊन प्रत्येकीच्या हातावर एकेक गोळी ठेवायच्या. आपली पोरं पुढं असली तर त्यांना मिळायची नाही. मी पिशवी घरी आणली. रविवारी कमळच्या शाळेचा सामना होता, तिनं बोलावलं म्हणून गेले. मध्यंतराला तिच्या पोरी पुढं होत्या. मी समोरच्या, परक्या गावच्या पोरींकडं गेले आणि पुडी सोडली. एकीनं गोळी घेतली, गालात धरली आणि विचारलं, "आजी, तुमी कुणाकडच्या?"

मी म्हटलं, "आत्ता तुमच्याकडची."