मांगर आणि एक इंग्रजी शब्द

साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. मी तेव्हा चौतीस वर्षांचा. काल नात ओटीवर बसून "डिझर्व्ह म्हणजे लायक असणे" असं घोकायला लागली आणि मी थेट त्या सालात जाऊन पोचलो.

पूर्णगडच्या बाजूला एका बागेत मी आंब्याची कलमं बांधायचो. मुंबईहून मालकांचं इंग्रजी पत्र आलं. पोस्टमननं मतलब तेवढा सांगितला: बागेतला मांगर, म्हणजे ते लहानसं कौलारू घर, मालकांना माझ्या नावावर करायचाय. मी नको म्हणून कळवलं. फुकटचं घेणारा मी नव्हे. दुसऱ्याच्या पडवीत संसार करून कंटाळलेली बायको एवढंच म्हणाली, "मग पावसात पोरांना तुमच्या मानाखाली उभं करा."

ते लागलं. पत्र घेऊन मास्तरांकडे गेलो. शाळा नुकतीच सुटलेली, वर्गात ओल्या पाट्यांचा वास. मास्तरांनी एका शब्दावर बोट ठेवलं.

"हा बघ, डिझर्व्ह. तुझ्या कामानं तू हे घर कमावलंस, असं लिहिलंय."

"म्हणजे दया नाय?"

"अरे मेल्या, चोराला शिक्षा होते तिथेही हाच शब्द वापरतात. त्यात कसली आलीय दया?"

मी ते त्यांना तीनदा सांगायला लावलं. मग पायरीवरच बसलो आणि आपसूक हसू फुटलं. मालकांना होकाराचं पत्र मास्तरांकडूनच लिहून घेतलं. आज कळतं, घर मला हवंच होतं. हो म्हणायला जागा सापडत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांगरावर चढून फुटकी कौलं बदलायला घेतली. बायको खालून एकेक कौल वर देत होती.