दुधाने वाचला म्हणतात

कपाशीवरची अळी आटोक्यात येत नव्हती, त्या वर्षी मुलगी आठवीत होती. शाळेतून आणलेले पुस्तक ती मोठ्याने वाचायची आणि मी भाकरी थापता थापता ऐकायची. माझे शिक्षण चौथीवर थांबलेले. एका संध्याकाळी त्यात युरोपातल्या जुन्या वैद्यांबद्दल होते. शेकडो वर्षे ते पूर्वजांच्या ग्रंथात लिहिलेलाच उपचार करत. रक्त काढा म्हटले की काढायचे. रोगी मेला तरी ग्रंथ चुकला असे सहसा कोणी म्हणत नसे.

"येडेच होते म्हन," सासू हसली.

तेवढ्यात हे फवारणीहून आले आणि ओट्यावरच बसले. तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांना अंधुक दिसत होते. शर्ट पाठीवर औषधाने ओला होता. सासूने लगेच दूध तापत ठेवले. फवारणीचे विष दुधाने उतरते, असे आमच्याकडे सगळेच मानतात.

मुलगी म्हणाली, "आजी, आधी बाबाचे कपडे काढा लागते, आंग धुवा लागते. शाळेत सांगतलं."

"तुह्या मास्तरनं किती पंप मारले? माह्या सासऱ्यापासून दूधच पाजतो आपण. पानी टाकून मारतं का त्याले?"

सासूपुढे मी कधी बोलत नसे. बादली आणली, शर्ट काढला आणि साबणाने यांचे अंग धुऊ लागले. एकीकडून सासू दूध पाजत होती, एकीकडून मी पाणी ओतत होते. मग ऑटोने दवाखान्यात नेले. तिथे सुया दिल्या, सलाईन लावले. हे वाचले.

"दुधानं वाचला माहा पोरगा," सासू गावभर सांगू लागली. पुढे गल्लीतला एक माणूस फवारणी करून तसाच पडला. त्याला घरीच दूध पाजत राहिले. तो गेला.

"त्याचे दिवस भरलेच होते," सासू म्हणाली.

तेव्हा माझ्या तोंडून निघाले, "आत्याबाई, दूध तर त्यालेही पाजलं होतं."

"मंग दूध नसतं पाजलं तरी आपला वाचला असता, हे सांगू शकतं का तू?"

दूध, पाणी, सुया, सगळे एकाच संध्याकाळी झाले होते. सासूच्या हिशेबाने वाचला तो दुधामुळे, गेला तो नशिबामुळे. त्या वैद्यांचेही असेच होत असेल. मला त्यांना वेडे म्हणवत नाही.

मी यांना विचारले, तुम्हाला काय वाटते?

"दूध अन् पानी, दोन्ही तयार ठेवत जा," हे म्हणाले आणि फवारणीचा पंप पाठीवर घेऊन शेताकडे निघाले.