लहेंगा पोचला, बार्सिलोना राहिलं

बार्सिलोना हे शहर मी पाहिलेलं नाही. तिथे मी दोन दिवस होतो.

खुलासा आवश्यक आहे. दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत मी जर्मनीत शिकत होतो. तिथले विद्यार्थी शनिवार-रविवारी सहज दुसऱ्या देशात जाऊन येतात. विमानाचं तिकीट बरंच आधी काढलं तर हॉटेलातल्या जेवणाएवढं पडतं. उल्हासनगरातल्या आमच्या विठ्ठलवाडीत ही गोष्ट पटवून देणं अवघड होतं. सुट्टीत घरी आलो असताना जेवताना मी सांगितलं, की परत गेल्यावर मित्रांबरोबर दोन दिवस बार्सिलोनाला जाणार आहे.

"दोन दिवसांत परदेश?" आई म्हणाली. "दोन दिवसांत तुझ्या आत्याकडे जाऊन येणं होत नाही धड!"

(आत्या बदलापूरला राहते. तीन स्टेशनं पलीकडे. पण आईचं आणि तिचं अंतर स्टेशनांत मोजता येत नाही.)

मी हे हळू आवाजात सांगितलं होतं. तरी संध्याकाळपर्यंत बातमी खाली लछूकाकांच्या दुकानात पोचली, कारण पप्पा रोज संध्याकाळी तिथेच बसतात. अंबरनाथच्या कारखान्यातून सुटले की आधी लछूकाकांच्या बाकावर चहा, मग घर. लछूकाकांचं साड्या आणि ड्रेस मटेरियलचं दुकान. माणूस सिंधी, मुक्काम आमच्या बिल्डिंगखाली, त्यामुळे एका वाक्यात दोन-तीन भाषा सुखाने नांदायच्या.

"बार्सिलोना? अरे, माझी बहीण कमला तिकडेच राहते ना!" लछूकाका गादीवरून अर्धे उठले. "तिच्या मुलीची पक्की मिसरी आहे त्याच संडेला." मिसरी म्हणजे साखरपुडा. "मामाकडून लहेंगा जायचाय. मी कुरिअरवाल्याला विचारतच होतो."

"कुरिअर?" पप्पांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "घरचा पोरगा चाललाय आणि तुम्ही कुरिअर करणार, शेट? मग आम्ही रोज इथे बसतो कशाला?"

"तसं नाय साहेब, पोरगा फिरायला चाललाय, त्याला कशाला तकलीफ..."

"फिरता फिरता पोचवेल. माझा शब्द आहे. जीव गेला तरी लहेंगा हरवणार नाही!"

(जीव माझा होता. मला विचारण्यात आलं नव्हतं.)

लहेंगा आला. गुलाबी, वर सोनेरी जरीचं काम, आणि वजन वर्षभराच्या बाळाइतकं. त्याला जागा करून देण्यासाठी माझ्या बॅगेतून आईचे लाडू आणि चिवडा बाहेर काढावा लागला. आई त्या लहेंग्याकडे सवतीकडे पाहावं तशी पाहत होती.

"काका, पत्ता?" मी विचारलं.

"पत्ता कशाला? जुन्या शहरात मोठ्या चर्चच्या मागे लंबा रस्ता आहे. तिकडे जा आणि कोणाला पण विचार, उल्हासनगरवाला मोती किधर? बच्चा-बच्चा सांगेल. मोती म्हणजे कमलाचा घरवाला."

त्यांनी फोन नंबरही दिला. तो मी मोबाइलमध्ये साठवून ठेवला. मात्र तो लावला नाही, ही नोंद इथेच केलेली बरी. एक म्हणजे रोमिंग महाग होतं, म्हणून तिथे मोबाइल बंदच ठेवला होता. दुसरं म्हणजे उल्हासनगरात आम्ही जन्मभर अशाच पत्त्यांवर माणसं शोधली आहेत. अमक्या डॉक्टरच्या मागे, तमक्या हलवायाच्या समोर, तिथे कोणालाही विचारा. आजवर कोणी हरवलं नव्हतं.

बार्सिलोनाला आम्ही तिघं गेलो. मी, बदलापूरचा निखिल आणि मदुराईचा मुरली. निखिलला समुद्र पाहायचा होता. मुरलीला फुटबॉलचं मैदान. मला दुसरंच एक प्रसिद्ध चर्च पाहायचं होतं, ज्याचं बांधकाम शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. (हे ऐकून पप्पांनी विचारलं होतं, "बिल्डर उल्हासनगरचा आहे काय?")

"लहेंगा देऊ, चहा पिऊ, निघू," शनिवारी सकाळी मी म्हणालो. "अर्धा तास."

लांब रस्ता सापडला. दोन्ही बाजूंना फुटबॉलचे टी-शर्ट, फ्रिजला चिकटवायचे बैल, हातपंखे यांची दुकानं आणि दुकानांच्या गल्ल्यांवर आपल्याकडचे चेहरे. पहिल्याच दुकानात एक गोलमटोल गृहस्थ बैलांवरची धूळ झटकत होते.

"अंकल, उल्हासनगरवाले मोती कुठे भेटतील?"

त्यांनी फडकं टाकलं. "मीच मोती! तू उल्हासनगरचा?"

"विठ्ठलवाडी. लछूकाकांनी पाठवलंय."

"लछूने?" ते गल्ल्याबाहेर आले आणि त्यांनी मला मिठी मारली. "अरे, मराठी आहेस? मी पण शाळेत मराठी शिकलो ना, कॅम्प तीनला! लछू कसा आहे? त्याचे गुडघे?"

"दुखतात अजून."

"दुखणारच. ऐकतो कुठे कोणाचं?"

लछूकाकांचे गुडघे दुखतात आणि ते कोणाचं ऐकत नाहीत. मला याहून अधिक पुरावा नको होता. मुरलीने मात्र मला कोपरा मारला आणि इंग्रजीत म्हणाला, की एकदा त्या नंबरवर फोन करून खात्री करून घे.

"माणूस स्वतः समोर उभा राहून सांगतोय," मी म्हणालो. "फोनवर आणखी वेगळं काय सांगणार?"

उल्हासनगरात गुडघे दुखणारे किती लछू असतील, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही.

मोतीअंकल आम्हाला दुकानावरच्या घरी घेऊन गेले. आंटींनी दार उघडलं, पाणी दिलं, आणि माझ्या हातातली पिशवी उघडून लहेंगा सोफ्यावर पसरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला समजण्यासारखं होतं. भावाने एवढ्या लांबून पाठवलेली वस्तू!

"लछू काय बोलला?" त्यांनी विचारलं.

"म्हणाले, संडेच्या आत पोचला पाहिजे. मिसरी आहे ना."

"संडे?" आंटी मटकन खाली बसल्या. "या संडेला? उद्या?"

"हो. उद्याच."

"आणि लोक? लोक कुठून येणार?"

"सगळे इथलेच आहेत, असं म्हणाले."

"इथलेच! बार्सिलोनाचे!" आंटींनी देवाच्या तसबिरीकडे पाहून हात जोडले. मग मोतीअंकलांना हाक मारली. "सुनते हो? लछूने कमाल केली! उद्याच मिसरी!"

त्या घरातली परिस्थिती मला नंतर कळली, ती आधीच सांगतो, म्हणजे वाचकांची माझ्यासारखी गत होणार नाही. हे दुसरेच मोती होते. त्यांना मुलगी नव्हती. एकच मुलगा, रिकी, लग्नाचा. आणि कॅम्प चारमधल्या त्यांच्या लछू नावाच्या मेव्हण्याने रिकीसाठी मुलगी शोधून देतो, असं कधीचं कबूल केलेलं होतं. आंटींनी लहेंग्याचा घेर पाहिला, कंबर पाहिली आणि निष्कर्ष काढला, की मुलगी ठरली आणि हा लहेंगा तिचाच.

"मुलगी बारीक आहे," त्या समाधानाने म्हणाल्या.

मला वाटलं, आपल्या मुलीबद्दल बोलतायत. मुलगी घरात दिसत नव्हती, ती पार्लरला गेली असेल असं मी गृहीत धरलं. आंटींचं नाव विचारायचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे मोठ्या बाईमाणसाला नाव विचारत नाहीत.

मग घरात जी धांदल उडाली, तिने माझी उरलीसुरली शंकाही संपवली. आंटी फोनवर होत्या, अंकल मिठाईच्या ऑर्डरी देत होते, शेजारच्या दोन बायका कढया घेऊन आल्या. साखरपुड्याचं घर असं दिसणार नाही तर कसं दिसणार? आम्ही निघतो म्हटल्यावर आंटींनी दारच अडवलं.

"शुभ बातमी आणलीत आणि उपाशी जाणार?"

दालपकवान आलं. पोटभर झालं. त्यानंतर असं खाऊन बसून राहणं बरं दिसेना, म्हणून निखिल कांदे चिरायला बसला. मुरलीला उंचीमुळे माळा टांगायचं काम मिळालं.

"समुद्र कुठल्या बाजूला आहे रे?" निखिलने डोळे पुसत विचारलं.

"संध्याकाळी जाऊ," मी म्हणालो.

दुपारी रिकी घरी आला. हेल्मेट काढायच्या आत आईने त्याच्या तोंडात पेढा कोंबला आणि बातमी दिली. त्याचा चेहरा उतरला. तो माझ्याशेजारी येऊन बसला.

"मला कोणी विचारलंच नाही," तो म्हणाला.

मी त्याला मुलीचा भाऊ समजत होतो. "अरे, अशा वेळी भावाला कोण विचारतं?" मी त्याची पाठ थोपटली. "टेन्शन नको घेऊ. सगळं छान होईल."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मला अजून आठवते.

संध्याकाळी मला वाटलं, पप्पांना कळवावं. त्यांचा शब्द होता. आंटींनी आग्रह करून आपला फोन पुढे केला. तिकडे रात्र झाली होती, तरी पप्पांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"पप्पा, जयभीम. लहेंगा पोचला. इकडे घरात तयारी जोरात चालू आहे."

पप्पांनी फोन कोणाच्या तरी हातात दिला. मग लछूकाकांचा आवाज आला. ते आमच्या घरी काय करत होते, कोण जाणे!

"बेटा, कुठल्या घरात तयारी? कमला सकाळपासून रडतेय. मोती गाडी घेऊन तुला शोधत फिरतोय. इकडे तुझे पप्पा जेवले नाहीत."

"पण काका, मी तर... कमलाआंटी इथेच आहेत समोर!"

"मग दे ना तिला फोन!"

मी रिसीव्हरवर हात ठेवला. 

"आंटी, तुमचं नाव काय?"

"पुष्पा," आंटी हसून म्हणाल्या.

निखिलच्या हातातली सुरी थांबली. मुरलीला मराठी येत नाही, पण तो टेबलावरून माळेसकट खाली उतरला.

मी कसं सांगितलं, ते आठवत नाही. एवढं आठवतं की पुष्पाआंटी सोफ्यावर बसल्या आणि लहेंग्याच्या जरीवरून हात फिरवत राहिल्या. मोतीअंकल खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. सकाळपासून त्या बाईंनी मनात सून घरात आणली होती, आणि मी ती संध्याकाळी परत न्यायला निघालो होतो. फक्त रिकी मोठ्याने "थँक यू!" म्हणाला आणि आईचा चेहरा बघून गप्प बसला.

"कुठला मोती?" शेवटी आंटींनी विचारलं.

"कमलाआंटींचे मिस्टर."

"चार दुकानं पुढचा? हाय राम! त्यांच्याशी तर आमचं बोलणंच नाही." (भांडण बैलांच्या किमतीवरून होतं. पुढच्या मोतींनी बैल स्वस्त लावले होते.)

"आम्ही जाऊन देऊन येतो," मी पुटपुटलो.

"असा नेणार?" आंटी उठल्या. "सगळ्यांनी हात लावून लावून बघ कसा झालाय. इस्त्री लाव रे रिकी! माझ्या घरात उघडलाय. सुरकुती राहिली तर नाव माझं जाईल."

स्वतःच्या हाताने इस्त्री करून, घडी घालून त्यांनी लहेंगा नव्या चादरीत बांधला. मग मिठाईचे खोके उचलायला सांगितले. "आता एवढी मिठाई मी एकटी खाऊ?" माझ्या हातात मात्र काहीच दिलं नाही.

तो मोर्चा चार दुकानं चालत गेला. कमलाआंटींनी दार उघडलं. डोळे सुजलेले. समोर पुष्पाआंटी.  आता काय होतंय, म्हणून आम्ही तिघं दोन पावलं मागे सरकलो.

"आत घेशील की नाही?" पुष्पाआंटी म्हणाल्या. "आधी पोरीला घालून बघ. कंबर बारीक आहे हं."

कंबर बरोबर बसली. मग दोघी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लागलं. आतून आधी रडण्याचा, मग हसण्याचा आवाज आला. तोवर दुसरे मोतीही मला शोधून परतले होते. बाहेर दोन्ही मोती एकमेकांकडे न बघता एकाच खोक्यातली मिठाई खात होते.

रविवारी मिसरी थाटात झाली. आमच्यामुळे एवढा गोंधळ झाला, तेव्हा वाढायला आम्हीच उभे राहिलो. मुरली दोन्ही घरच्या पाहुण्यांना आग्रह करून पापड वाढत होता. तिथूनच थेट विमानतळ. टॅक्सीतून एका वळणावर क्रेन दिसल्या. तेच ते चर्च असावं, असं निखिल म्हणाला. मुरली म्हणाला, मैदान असेल.

पप्पांच्या मते सगळं ठरल्याप्रमाणेच पार पडलं होतं. "पोचला ना, शेट? मी काय म्हणालो होतो?" हे ते बाकावर बसून वर्षभर म्हणत होते.

पुष्पाआंटींनी मात्र आमच्या घरचा नंबर मिळवला. दर सणाला आईला फोन. "ताई, तुमच्या राहुलने मुलगी दाखवून काढून घेतली. आता दुसरी शोधा तुम्हीच." आईने ते इतकं मनावर घेतलं, की उल्हासनगरातल्या लग्नाच्या सगळ्या सिंधी मुली तिला नावानिशी पाठ झाल्या. शेवटी रिकीने स्वतःच पसंत केलेल्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं. लग्न उल्हासनगरलाच, कॅम्प तीनच्या हॉलमध्ये. तोवर मी शिक्षण संपवून घरी आलो होतो. आंटींचा आमंत्रणाचा फोन आला.

"सगळ्यांनी यायचं, ताई. राहुलला पण आणायचं. पण त्याला सांगा, खाली हात ये. काही पण आणू नको!"

मी गेलो. आहेर पप्पांच्या हातात होता. हॉलच्या दारात पुष्पाआंटींनी मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, आणि मग आत सोडण्याआधी माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.