बियाचं पडवळ

सुहासिनी दामले यांनी बत्तीस वर्षं कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर बाळकुमच्या सातव्या मजल्यावरची बाल्कनी वेठीला धरली. संकरित बियाण्याला तिथे थारा नव्हता. गावठी वांगी, काटेरी काकडी, लाल माठ, सगळं घरी धरलेल्या बियांतून. प्रत्येक डबीवर तारीख आणि बी कुणाकडून आलं त्याचं नाव. त्या डब्यांना हात लावायची श्रीपादरावांची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची, छाती नव्हती.

सगळ्यांत जुन्या डबीवर लिहिलं होतं, 'पडवळ, हौसाबाई'. हौसाबाई इथल्याच आगरी शेतकरीण. ही इमारत उभी आहे तिथे त्यांचा मांडव होता. शेत गेलं तरी त्या फाटकाशी टोपली घेऊन बसायच्या, आणि पांढऱ्या पट्ट्यांचं ते लांबलचक पडवळ फक्त त्यांच्याकडे मिळायचं. बी मात्र त्यांनी बाईंना एकदाच दिलं, पदराच्या टोकाला स्वतः गाठ मारून. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. यंदा त्यांची नात संचिता आली.

"काकू, आमच्याकडे आजीचं एक बी पण नाही राहिलं. तुमच्याकडे असेल ना?"

"आहे तर! भाद्रपदात ताजं देते," बाई ऐटीत म्हणाल्या. ती गेल्यावर डबी उघडली, तर आत कीड. पाच दाणे धड होते. त्यांतला एकच रुजला.

पडवळाची झालरीची फुलं दिवस मावळल्यावर उमलतात. सातव्या मजल्यावर त्यांच्यासाठी पतंग कुठून यायचे? बाईंनी रोज संध्याकाळी कुंचल्याने पराग नेऊन लावले. फळ धरलं ते एकच. ते गेलं की हौसाबाईंचा वाण संपला. म्हणून ते वाकडं वळू लागलं तेव्हा त्यांनी घाईघाईने सगळे करतात तेच केलं. टोकाला सुतळीने दगड बांधला. वजनाने पडवळ सरळ वाढतं.

दुपारी झोपून उठल्या, तर दगड कुंडीच्या काठावर. सुतळी तुटली नव्हती, कुरतडली नव्हती. गाठ नीट सोडून, गुंडाळी करून दगडाखाली ठेवली होती. बाल्कनीला जाळी, त्यामुळे कबुतरांवर आळ घ्यायचीही सोय नाही. त्यांनी नवऱ्याला फैलावर घेतलं.

"मी तुझ्या कुंड्यांच्या वाऱ्याला तरी उभा राहतो का?" श्रीपादराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुहेरी गाठ मारली. चार वाजता दगड पुन्हा काठावर. बाईंनी खालची गुंडाळी उचलून निरखली. तशी गुंडाळी त्यांनी पाहिली होती. जुडी सोडली की हौसाबाई दोरा असाच बोटांवर गुंडाळून टोपलीखाली सरकवायच्या.

तिसऱ्या दुपारी श्रीपादराव शब्दकोडं घेऊन बाल्कनीच्या दाराशीच बसले. बाई उठून बाहेर आल्या तेव्हा त्यांनी चहासुद्धा मागितला नाही.

"सुहास, मघाशी तूच आलेलीस इथे. डोळे उघडे होते, पण मी तुला दिसत नव्हतो. गाठ सोडलीस आणि म्हणालीस, 'बियाचा परवल मोकला सोर गो बाय. दगर नको बांधू.'"

"दगर?"

"दगर."

जन्मभर विद्यार्थ्यांचे ण आणि ळ दुरुस्त करणारी ही बाई. आपलं डोकं फिरायला लागलं, असं त्यांना वाटलं. जरा वेळाने संचिताला फोन लावला आणि झोपेचं काही न सांगता विचारलं, बियाच्या पडवळाला दगड बांधायचा का?

"अहो काकू, नाही! आजी बियाचं मोकळंच सोडायची. बांधलं की बी पोचट होतं, म्हणायची." मग तिच्या लक्षात आलं. "पण तुम्ही हे कसं काय विचारलं? आजी बाहेर कुणाला सांगायची नाही. मला पण शेवटच्या दिवशी बोललेली."

दगड बाईंनी खाली बागेत नेऊन टाकला. पडवळ मनाला येईल तसं वळलं, त्याचं वेटोळं झालं, मग लालभडक पिकून ते टोकाशी उकललं. बी टपोरं निघालं. बाईंनी ते राखेत घोळून वाळवलं आणि नव्या डबीत भरलं.

संचिता आली. बाईंनी डबी पुढे केली आणि त्यांचा हात मध्येच थांबला. त्यांनी झाकण काढलं, संचिताच्या ओढणीचं टोक स्वतःच हातात घेतलं, बी त्यात ओतून घट्ट गाठ मारली. असं बी त्यांनी आजवर कुणाला दिलं नव्हतं.

"मिरगाला लाव गो," त्या म्हणाल्या. "इसरू नको."

श्रीपादरावांनी कोड्यातून मान वर केली. संचिताने ती गाठ मुठीत धरली. मग वाकून पाया पडली.

"नाही विसरणार, आजी," ती म्हणाली.